खेळाडूंचे करार हिशेबी, स्टाफचे मात्र रामभरोसे

परळच्या एका शैक्षणिक संस्थेच्या आस्थापना विभागात मी गेली अकरा वर्षे काम करतो आहे. कंत्राटी प्रयोगशाळा सहायक, लिपिक आणि ग्रंथालय परिचर यांचे अकरा-अकरा महिन्यांचे करार, मधला एका दिवसाचा तांत्रिक खंड, मग पुन्हा नवा आदेश, त्यासाठी विभागप्रमुखांचा अभिप्राय, लेखा शाखेची सहमती आणि शेवटी सहीसाठी टेबलाटेबलांवरून फिरणारी नस्ती हा माझा रोजचा व्यवहार आहे. डोंबिवलीला घरी पोहोचून जेवण उरकले की मी लॅपटॉप उघडतो आणि फुटबॉल क्लब चालवण्याच्या एका खेळात शिरतो. तिथेही अर्धा वेळ कोणाचा करार कधी संपतो हेच पाहत बसतो, याचे घरच्यांना हसू येते. कदाचित या पेशामुळेच असेल, पण ज्या गोष्टीकडे बाकीचे खेळणारे दुर्लक्ष करून पुढच्या सामन्याकडे वळतात ती मला खुपत राहते. या खेळातल्या प्रशिक्षकांच्या, नवे खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांच्या आणि फिजिओंच्या नेमणुका, मुदतवाढी आणि गच्छंत्या कोणत्या नियमाने होतात हे मला सहा वर्षे खेळूनही उमगलेले नाही, आणि हे परीक्षण मुख्यतः त्याविषयीच आहे.

खेळाचे नाव मी लिहीत नाही. खेळणारे ओळखतील आणि न खेळणाऱ्यांना नावाने काही फरक पडणार नाही. क्लब-व्यवस्थापनाच्या खेळांची परंपरा चाळीस वर्षांहून जुनी आहे. केव्हिन टॉम्स यांनी १९८२ साली घरगुती संगणकांसाठी या प्रकारचा पहिला गाजलेला खेळ विक्रीस आणला आणि १९९२ साली पॉल आणि ऑलिव्हर कोलियर या भावांनी त्याला आज ओळखीचे झालेले वळण दिले. पुढे या खेळांमधली खेळाडूंची माहिती इतकी खोल आणि भरवशाची होत गेली, की २००८ साली एव्हर्टनसारख्या क्लबाने अशाच एका खेळाची माहितीपेढी आपल्या स्काउटिंगसाठी वापरायचे ठरवले. तेव्हा ज्या प्रकाराबद्दल मी तक्रार करतो आहे तो पोरखेळ नव्हे, हे आधीच मान्य करतो. सामना, डावपेच, खेळाडूंची खरेदी-विक्री आणि युवा संघातून वर येणारी मुले या चारही बाबतींत मी खेळतो त्या खेळाला नावे ठेवायला फारशी जागा नाही.

विशेषतः खेळाडूंचे करार ज्या बारकाईने रचले आहेत त्याचे मला व्यावसायिक कौतुक वाटते. माझ्या संघातल्या बावीस वर्षांच्या डाव्या बचावपटूशी मागच्या हंगामात वाटाघाट केली तेव्हा त्याच्या एजंटाने आठवड्याच्या पगाराबरोबर प्रत्येक सामन्याचे मानधन, गोल न खाल्ल्यास मिळणारा बोनस, दरवर्षीची ठरावीक वाढ आणि वरच्या श्रेणीतल्या क्लबाने बोली लावल्यास लागू होणारी सुटकेची रक्कम असे सगळे टेबलावर मांडले. मी वार्षिक वाढ नाकारली तर त्याने सुटकेची रक्कम खाली आणायला लावली. मी संघ खालच्या श्रेणीत घसरल्यास पगार कमी करण्याचे कलम घातले तर त्याने बदल्यात वर गेल्यास वाढीचे कलम मागितले. एजंट चिडला, पण त्याच्या चिडण्याला कारण होते. मुलाचे वय, त्याचा फॉर्म, संघातले स्थान, शेजारच्या खणातल्या खेळाडूला मिळणारा पगार आणि त्याच्यावर डोळा ठेवून असलेले दोन क्लब या सगळ्याचा त्या आकड्यांशी मेळ बसत होता. कागद हातात घेतला तर प्रत्येक कलमाचे ‘का’ सांगता येईल, असा तो करार होता.

आता स्टाफकडे येऊ. मैदानावर अकरा दिसतात, पण क्लबाच्या पगारपत्रकावर सहायक प्रशिक्षक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, तंदुरुस्तीचा प्रशिक्षक, मुख्य स्काउट आणि त्याच्या हाताखालचे स्काउट, विश्लेषक, फिजिओ, युवा विभागाचा प्रमुख, फुटबॉल संचालक अशी मोठी फळी असते. यातल्या प्रत्येकाला एक ते वीस या पट्टीवर गुण दिलेले असतात. कोणाला खेळाडूच्या भावी क्षमतेची पारख, कोणाला शिस्त लावण्याची हातोटी, कोणाला डावपेचांचे ज्ञान. गुण बारकाईने दिलेले आहेत, स्वभाव दिलेले आहेत, आवडते क्लबही दिलेले आहेत. इतकी सामग्री हाताशी असताना करार करायची वेळ आली की खेळ यातले जवळजवळ काहीच विचारात घेत नाही.

माझ्या फिजिओची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण त्यातच सगळा मामला आहे. इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतला, समुद्रकिनाऱ्यावरच्या एका गावचा क्लब मी चालवत होतो. मुख्य फिजिओ एक्केचाळीस वर्षांचा, सहा वर्षे क्लबात, उपचाराच्या कौशल्यात पंधरा गुण, म्हणजे आमच्या श्रेणीच्या मानाने चढाच माणूस. आठवड्याला सहाशे पौंड पगार आणि करार ३० जूनला संपणारा. आस्थापनेच्या माणसाला शोभेल अशा रीतीने मी सहा महिने आधी, डिसेंबरातच त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला: तीन वर्षांची मुदत, आठवड्याला साडेसातशे. उत्तर आले की सध्या नव्या कराराविषयी बोलण्यात त्याला रस नाही. बरे, फेब्रुवारीत पुन्हा विचारले. तेच उत्तर, शब्दही तेच. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा विचारले आणि मधल्या काळात त्याच्या माहितीचे पान उलटून-पालटून पाहिले. पानावर लिहिलेले होते की तो क्लबात समाधानी आहे, माझ्याशी त्याचे संबंध चांगले आहेत, त्याच्या आवडत्या क्लबांच्या यादीत आमचाच क्लब पहिला आहे आणि दुसऱ्या कोणत्याही क्लबाने त्याच्याकडे विचारणा केलेली नाही.

३० जूनला तो गेला. इनबॉक्समध्ये एका ओळीचा संदेश आला, की करार संपल्यामुळे अमुक एक व्यक्ती क्लब सोडून गेली आहे. १ जुलैला तो बेरोजगारांच्या यादीत दिसू लागला. २ जुलैला मी सहज म्हणून त्याच यादीतून त्याला विचारणा केली, तर गृहस्थ तात्काळ बोलणीला आले, एक वर्षाचा करार मागितला, आठवड्याला सव्वापाचशे पौंड मागितले आणि त्याच दिवशी सही करून मोकळे झाले. डिसेंबरात साडेसातशे नाकारणारा माणूस जुलैत सव्वापाचशेवर परत आला, तोही आपल्या जुन्या पगाराहून पंचाहत्तर पौंड कमी घेऊन. आमच्याकडे तांत्रिक खंड संस्था देते आणि कर्मचारी त्याविरुद्ध निवेदने देतो. इथे माणसाने स्वतःच स्वतःला दोन दिवसांचा खंड दिला आणि वर स्वतःचा पगारही कापून घेतला. अकरा वर्षांत असे प्रकरण माझ्या टेबलावर एकदाही आलेले नाही.

शेजारी बसून हे पाहणारा माझा भाचा म्हणाला, “मामा, तू त्याच्यात माणूस शोधतोयस. तो फासा आहे.” अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाकडून आलेले हे निदान मला तेव्हा फार उथळ वाटले होते, पुढच्या दोन हंगामांनंतर ते तितकेसे उथळ वाटत नाही. नकाराला माझी हरकत नाही. माणसे नकार देतात, चांगल्या पगारालाही देतात: कोणाला गावी परतायचे असते, कोणाला वरिष्ठाचे तोंड पाहायचे नसते, कोणी शेजारच्या संस्थेच्या जाहिरातीवर डोळा ठेवून बसलेला असतो. पण नकारामागे काहीतरी असते आणि ते आज ना उद्या चहाच्या टपरीवर कळतेच. खेळात खेळाडू नकार देतो तेव्हा एजंट कारण सांगतो. फिजिओ नकार देतो तेव्हा दार बंद होते आणि दारामागे कोणी राहतच नसावे अशी शंका येते.

दुसरा प्रकार याहून महागात पडला. खेळ सुरू करताना बऱ्याच जबाबदाऱ्या आपोआप दुसऱ्यांकडे सोपवलेल्या असतात आणि स्टाफच्या कराराची मुदतवाढ फुटबॉल संचालकाकडे असते. नव्या खेळणाऱ्याला हे सोयीचे वाटते, मलाही वाटले होते. आमच्या संचालकाचे कर्मचाऱ्यांची पारख करण्याचे गुण वीसपैकी सतरा होते, हे मुद्दाम नमूद करतो. गुण पाच-सहा असते तर मी काहीच बोललो नसतो, कारण कमी कुवतीच्या माणसाने चुकीचे निर्णय घ्यावेत हेच तर अशा खेळात दिसायला हवे. तर या सतरा गुणांच्या संचालकाने मार्च महिन्यात दोन निर्णय घेतले. सदुसष्ट वर्षांच्या मुख्य स्काउटने हंगामाअखेर निवृत्त होणार असल्याचे जानेवारीतच जाहीर केले होते, त्याला त्यांनी पगारात भरघोस वाढ देऊन तीन वर्षांचा नवा करार दिला. युवा विभागाच्या ज्या प्रमुखाच्या कारकिर्दीत तीन मुले थेट मुख्य संघात आली होती, त्याच्या करारावर मात्र काहीही न करता तो संपू दिला.

मुख्य स्काउट ठरल्याप्रमाणे ३० जूनला निवृत्त झाला. नवा करार, वाढलेला पगार आणि तीन वर्षांची मुदत हे सगळे अंगावर घेऊन तो घरी गेला. निवृत्तीमुळे करार आपोआप रद्द झाला ही एवढीच कृपा. पण आधीच्या तीन महिन्यांचा वाढीव पगार गेला तो गेलाच, शिवाय जागा भरलेली आहे असे समजून संचालकाने नव्या मुख्य स्काउटचा शोधही घेतला नव्हता. बदल्यांच्या ऐन हंगामात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, आमचे स्काउट कोणाला अहवाल देत होते हे देवच जाणे. युवा प्रमुख तर दोन आठवड्यांत आमच्याहून एक श्रेणी वरच्या क्लबात रुजू झाला, आणि तिथे तो काय पगारावर गेला असेल? आमच्याकडे होता त्याच पगारावर. आम्ही नुसते विचारले असते तरी तो राहिला असता.

या ठिकाणी कोणी म्हणेल की खऱ्या फुटबॉलमध्ये तरी सगळे कुठे तर्काला धरून चालते? मान्य. सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीने प्रशिक्षक ग्रॅहम पॉटर यांना ब्राइटनकडून आणले तेव्हा त्यांच्याबरोबर सहायक प्रशिक्षक आले, गोलरक्षकांचे प्रशिक्षकही आले, सगळ्यांची मिळून ब्राइटनला घसघशीत भरपाई द्यावी लागली आणि एप्रिल २०२३ च्या सुरुवातीला चेल्सीने पॉटर यांना काढूनही टाकले. डॅन अ‍ॅशवर्थ यांचे उदाहरण तर थेट आपल्या विषयातले आहे. न्यूकॅसलचे क्रीडा संचालक असताना मँचेस्टर युनायटेडने त्यांना बोलावले, तेव्हा न्यूकॅसलने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना ‘गार्डनिंग लीव्ह’वर पाठवले, म्हणजे पगार चालू, काम बंद आणि नव्या मालकाकडे जायलाही बंदी. भरपाईची घासाघीस महिनोन्‌महिने चालली, ते १ जुलैला मँचेस्टरला रुजू झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये, जेमतेम पाच महिन्यांनी, तिथूनही बाहेर पडले. व्यवहार म्हणून पाहिले तर हे सगळे डोक्याला हात लावण्यासारखे आहे. पण यातला प्रत्येक टप्पा समजतो: न्यूकॅसलला आपला माणूस फुकट सोडायचा नव्हता, मँचेस्टरला थांबायचे नव्हते, करारात तेवढी जागा होती म्हणून प्रत्येकाने ती वापरली. मूर्खपणालाही कारणे असतात, आणि करार हाताळणाऱ्याचे निम्मे काम ती कारणे ओळखण्याचे असते.

खेळात ‘गार्डनिंग लीव्ह’ नाही. भरपाईची रक्कम पडद्यावर येते, ती भरली की माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या सरावाला हजर. आणि व्यवस्थापकाबरोबर त्याची माणसे जातात ही फुटबॉलमधली अगदी जुनी रीतही इथे धड उतरलेली नाही. किनाऱ्यावरचा तो क्लब सोडून मी एक श्रेणी वरच्या क्लबात गेलो तेव्हा आठ हंगाम माझ्याबरोबर काढलेल्या सहायक प्रशिक्षकाला मी पहिल्याच दिवशी बोलावणे धाडले. त्याने नव्या क्लबाची प्रतिष्ठा आपल्याला साजेशी नसल्याचे कळवले. जुना क्लब चौथ्या श्रेणीत, नवा तिसऱ्या श्रेणीत, पगार दीडपट. साजेसे म्हणजे नेमके काय हवे होते, ते मी आजही विचारीन, पण विचारण्याचे बटण खेळात नाही.

मुंबईच्या माणसाला स्टाफच्या नोकरीचा विषय जरा जास्तच जवळचा वाटतो, असे मला नेहमी वाटते. कूपरेजवर जे संघ खेळून मोठे झाले त्यांतले कितीतरी संस्थांचे होते: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, पश्चिम रेल्वे. अशा संस्थांत खेळाडू काय किंवा त्याला शिकवणारा काय, बहुतेकदा हजेरीपटावरचा कर्मचारी असे. सकाळी मैदान, दुपारी टेबल. तिथे कराराची मुदत संपण्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता तो संघच बंद होण्याचा, जसा २०१० साली महिंद्रा युनायटेड बंद झाला. आता अंधेरीच्या क्रीडा संकुलात मुंबई सिटीचे सामने पाहायला जाणाऱ्या पिढीने दुसरे टोक पाहिले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये, हंगाम ऐन रंगात असताना प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले आणि त्यांच्या जागी मेलबर्न सिटीत सहायक असलेले पीटर क्रॅट्की आले. दोन्ही ‘सिटी’ तेव्हा एकाच गटाच्या मालकीच्या असल्याने ती नेमणूक कोणालाही चमत्कारिक वाटली नाही. क्रॅट्की यांनी पुढच्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून चषकही आणला. एका घरातून दुसऱ्या घरात माणूस जाणे, ओळखीने जाणे, वरच्या पदासाठी खालच्या प्रतिष्ठेच्या ठिकाणी जाणे, ही सगळी कारणे आपल्याला उपजत कळतात. खेळाच्या हिशेबात ती नाहीत. सहायकाला मुख्य पद द्या किंवा देऊ नका, त्याचे उत्तर बहुतांशी क्लबाच्या प्रतिष्ठेच्या आकड्यावरून ठरते.

प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाचे प्रकरण मला सर्वांत झोंबले, कारण आमच्या संस्थेत याच बाबतीत मी स्वतः नियम लिहून काढला आहे. खेळात प्रशिक्षक क्लबाच्या खर्चाने परवान्याचा पुढचा टप्पा गाठू शकतो; युरोपात सर्वांत वरचा म्हणजे यूईएफएचा प्रो परवाना, आशियात एएफसीचा. माझ्या तरुण प्रशिक्षकाने प्रो परवान्यासाठी परवानगी मागितली तेव्हा त्याच्या कराराचे चारच महिने उरलेले होते. अभ्यासक्रम त्याहून लांब. साध्या व्यवहारात मी एकच म्हटले असते, की आधी दोन वर्षांच्या कराराची सही कर, मग फी भरतो. आमच्याकडे याला बंधपत्र म्हणतात आणि ते शंभरातल्या नव्वद जणांना मान्य असते. खेळात या दोन गोष्टी एकमेकींना जोडताच येत नाहीत. परवानगी नाकारली तर माणूस नाराज होतो आणि त्या नाराजीवर करार नाकारतो. परवानगी दिली तर क्लब फी भरतो, चार महिन्यांनी करार संपतो, आणि उरलेला अभ्यासक्रम तो दुसऱ्याच क्लबाचा कोट घालून पूर्ण करतो. मी दोन्ही करून पाहिले. दुसऱ्या वेळी क्लबाच्या बोर्डाने माझ्याच कामाच्या आढाव्यात लिहिले, की प्रशिक्षकांच्या विकासात गुंतवणूक केल्याबद्दल ते समाधानी आहेत.

संघ खालच्या श्रेणीत घसरला की खेळाडूंचे पगार कलमाप्रमाणे उतरतात, स्टाफचे मात्र जसेच्या तसे राहतात, कारण त्यांच्या करारात ते कलम घालण्याची सोयच नाही. एका हंगामात माझा दुसरा स्काउट संघाच्या कर्णधारापेक्षा जास्त पगार घेत होता. पुढे जाऊ.

एवढे सगळे सांगितल्यावर हेही सांगायला हवे, की या गोंधळाचा मी दरवर्षी मनसोक्त फायदा घेतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बेरोजगारांची यादी म्हणजे जणू चोरबाजार भरलेला असतो. संगणकाने चालवलेले मोठमोठे क्लब आपल्याकडचे अव्वल विश्लेषक आणि गोलरक्षक प्रशिक्षक विनाकारण सोडून देतात आणि त्याच वेळी एकेका क्लबाने चौदा फिजिओ पाळलेले दिसतात. लिव्हरपूलने २०१८ साली थ्रो-इन शिकवण्यापुरते थॉमस ग्रोनेमार्क यांना आणले तेव्हा हसणारेही होते. खऱ्या फुटबॉलमध्ये अशा एकेका विशेष माणसाची किंमत आता कळू लागली आहे. खेळात मात्र एकदा मला दोन देशांच्या राष्ट्रीय संघांबरोबर काम केलेला सेट-पीसचा प्रशिक्षक चौथ्या श्रेणीच्या पगारात मिळाला आणि त्या वर्षी आमचे एकवीस गोल कॉर्नर आणि फ्री-किकवरून झाले. आनंद झाला हे नाकारत नाही. पण तो आनंद सेलमध्ये किमतीची चिठ्ठी चुकून लागलेली वस्तू मिळाल्याचा होता. माणूस वळवून आणल्याचे समाधान त्यात नव्हते.

खेळ बनवणाऱ्यांची अडचण मला दिसते. माहितीपेढीत हजारो क्लब आणि त्यांच्यामागे स्टाफची कितीतरी पट मोठी फौज. प्रत्येकाच्या मनात काय चालले आहे याचे गणित दररोज मांडायचे ठरवले तर माझा जुना लॅपटॉप पंख्याच्या आवाजानेच जीव टाकील. खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांना नवा आघाडीवीर हवा असतो, मुख्य फिजिओच्या मनातले कोणी विचारत नाही, त्यामुळे मेहनत खेळाडूंवर खर्च होते हेही साहजिक आहे. मात्र मी मागतो ते फार थोडे आहे. नकार देताना चार-पाच ठरलेल्या कारणांपैकी एक सांगावे, निवृत्ती जाहीर केलेल्याला मुदतवाढ देऊ नये, अभ्यासक्रमाला कराराची जोड देता यावी. यातल्या कशालाही नवे यंत्र लागत नाही. खेळाडूंसाठी जे आधीच बांधून ठेवले आहे, त्यातलेच दोन-चार नियम उचलून इकडे आणायचे आहेत. नव्या आवृत्त्यांत सामन्याची चित्रे अधिक देखणी होत गेली, पत्रकार परिषदांतले प्रश्न वाढले. स्टाफच्या करारांचा पडदा माझ्या आठवणीत होता तिथेच आहे.

ज्यांना हा खेळ घ्यायचा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. पाचपैकी साडेतीन तारे मी आनंदाने देईन, आणि स्टाफचा भाग बाजूला ठेवला तर साडेचार. फक्त पहिल्याच दिवशी जबाबदाऱ्यांच्या पडद्यावर जाऊन स्टाफची मुदतवाढ, नेमणूक आणि सेवासमाप्ती या तिन्ही गोष्टी संचालकाकडून काढून स्वतःकडे घ्याव्यात. कोणालाही मुदतीआधी काढू नये, कारण उरलेल्या मुदतीच्या पगाराची भरपाई छोट्या क्लबाचे कंबरडे मोडते. जमल्यास एक वर्षाचेच करार द्यावेत. ज्याने तीनदा ‘रस नाही’ कळवले आहे त्याच्यामागे न लागता १ जुलैची वाट पाहावी, तो स्वस्तात परत येण्याची शक्यता चांगली आहे. आणि बोर्डाने स्टाफची संख्या ठरवून दिलेली असते, तेव्हा जूनच्या शेवटच्या आठवड्यात एखादी जागा मुद्दाम रिकामी ठेवावी, नाहीतर जुलैच्या बाजारात हात बांधून बसावे लागते. हे सगळे नियमाला धरून असले तरी मला करताना थोडे अपराधी वाटते. ऑफिसात मी याच चालींबद्दल लोकांच्या शिव्या खातो.

माझ्या सध्याच्या करिअरमध्ये आज १७ फेब्रुवारी आहे. संघ तिसऱ्या श्रेणीत सहाव्या स्थानावर आहे, आणि ३० जूनला चौघांचे करार संपतात. तिघांनी ‘रस नाही’ कळवले आहे. त्यांत तो सव्वापाचशेवाला फिजिओही आहे, ज्याला मी जुना क्लब सोडताना बरोबर आणला होता. त्याच्या नावापुढे मी खेळातल्याच टिपणवहीत ‘२ जुलै’ एवढे लिहून ठेवले आहे. चौथा म्हणजे गोलरक्षकांचा प्रशिक्षक. त्याने एका बैठकीत, एकही आकडा न बदलता, दोन वर्षांच्या करारावर सही करून दिली, आणि त्याने असे का केले असावे याचा मी काल रात्री झोप लागेपर्यंत विचार करत होतो.